कार की बाईक? जेलरोड ते सातपूर, रोजच्या ३० किलोमीटरचा पूर्ण हिशेब

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही नाशिकरोडला जेलरोड भागात राहता, नोकरी सातपूर एमआयडीसीत. जाऊन-येऊन ३० किलोमीटर, आठवड्याचे सहा दिवस. सध्या १२५ सीसीची बाईक आहे, ती ५० चं ॲव्हरेज देते. ऑन-रोड साडेसात लाखांची एक पेट्रोल हॅचबॅक मनात भरली आहे, ती शहरात १५ देईल असा अंदाज. घरी पत्नी, चार वर्षांची मुलगी आणि आई. पेट्रोलचा फरक काढलात तो महिन्याला साधारण ३,७०० रुपये आला. तेवढं पगारात बसतं, मग कार घेऊन टाकू का, असं तुम्ही विचारलंत.

माझ्याबद्दल एवढंच सांगतो की मी गेली २४ वर्षं अंबडच्या एका कारखान्यात कॉस्टिंग बघतो. बाहेर फिरणाऱ्या माणसांना किलोमीटरमागे किती भत्ता द्यायचा, कंपनीची गाडी ठेवायची की भाड्याने घ्यायची, हे दर दोन-तीन वर्षांनी माझ्याच टेबलावर येतं. शिवाय २००६ पासून घरच्या प्रत्येक गाडीची वेगळी वही ठेवली आहे. पंक्चरचे पन्नास रुपयेही त्यात सापडतील. पंचवटीतून अंबडला रोज ये-जा करतो, त्यामुळे द्वारकेचा सिग्नल मलाही चुकत नाही.

तुमचं पेट्रोलचं गणित बरोबर आहे. महिन्याला २५ दिवस धरले तर ७५० किलोमीटर, वर्षाला ९,०००. पेट्रोल लिटरला १०५ रुपये धरू. बाईकला वर्षाला १८० लिटर, म्हणजे १८,९०० रुपये. कारला ६०० लिटर, म्हणजे ६३,०००. फरक ४४,१००, महिन्याला ३,६७५. यात चूक काही नाही. पण पेट्रोल दिसतं, कारण ते दर आठवड्याला खिशातून जातं. कारचा मोठा खर्च पंपावर होत नाही, तो दारात होतो, आणि त्याची पावती कोणी देत नाही.

आमच्या खात्यात खर्चाचे स्थिर आणि बदलता असे दोन भाग करतात. गाडीसाठी मी त्याला उभा खर्च आणि धावता खर्च म्हणतो. पेट्रोल, टायर, ऑइल, ब्रेक हा धावता खर्च. गाडी चालली तरच होतो. घसारा म्हणजे गाडी जुनी होताना उतरणारी किंमत, अडकलेल्या पैशाचं व्याज आणि विमा हा उभा खर्च. तुम्ही महिनाभर गावी गेलात आणि गाडीवर कव्हर टाकून ठेवलंत तरी तो चालूच राहतो. बाईकचा उभा खर्च लहान असतो म्हणून आपल्याला तो कधी टोचत नाही, आणि बाईकवरून कारवर जाणारा माणूस नेमका इथेच फसतो.

यातलं घसाऱ्याचं प्रकरण नीट समजून घ्या, कारण सगळा निकाल त्यावर आहे. विमा कंपनी गाडीची किंमत कशी धरते ते पॉलिसीत आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यासाठी धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, तक्त्यात दिलेलं असतं. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के घट, वर्षाच्या आत १५, दुसऱ्या वर्षात २०, तिसऱ्यात ३०, चौथ्यात ४०, पाचव्यात ५० टक्के. बाजारातला भाव मॉडेलप्रमाणे थोडा वर-खाली होतो, पण दिशा हीच. माझं स्वतःचं उदाहरण देतो. २०१३ मध्ये घेतलेली कार ५ लाख ४० हजारांना पडली होती. २०२२ मध्ये १ लाख ८५ हजारांना विकली. मधल्या नऊ वर्षांत ती ६१,००० किलोमीटर चालली. वही उघडून बेरीज केली तर पेट्रोलवर गेले होते सुमारे ३ लाख ४० हजार, आणि घसाऱ्यात गेले होते ३ लाख ५५ हजार. म्हणजे ज्या पेट्रोलसाठी मी दर बुधवारी भाव बघायचो, त्याहून जास्त पैसा गाडी नुसती जुनी होण्यात गेला. किलोमीटरला जवळजवळ पाच रुपये ऐंशी पैसे, पेट्रोल न जाळता!

यात रस्ता कराचाही हात असतो. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल कारला ११ टक्के एकरकमी कर लागतो. शोरूमची किंमत साडेसहा लाख असेल तर ७१,५०० रुपये तिथेच जातात. पुढे गाडी विकताना घेणारा हा कर वेगळा मोजून देत नाही. म्हणून हिशेब नेहमी ऑन-रोड किमतीवरून करायचा, जाहिरातीतल्या आकड्यावरून नाही.

आता व्याज. तुम्ही कर्ज काढणार असाल तर व्याज डोळ्यांना दिसतं. सहा लाख रुपये, ९ टक्के, सात वर्षं असा हप्ता काढला तर महिन्याला साधारण ९,६५० येतो, आणि सात वर्षांत २ लाख १० हजारांच्या वर नुसतं व्याज जातं. रोख घेतलीत तरी तो खर्च संपत नाही, कारण तीच रक्कम मुदत ठेवीत असती तर व्याज मिळालं असतं. इथे एक चूक बरेच जण करतात: हप्ताही खर्चात धरतात आणि घसाराही. तसं केलं तर गाडीची किंमत दोनदा मोजली जाते. हप्त्यातला मुद्दलाचा भाग म्हणजे गाडीची किंमत, ती घसाऱ्यात आलेलीच असते. महिन्याला हाताशी किती रोकड लागेल हे बघायचं असेल तर हप्ता बघा. एकूण किती पडलं हे बघायचं असेल तर घसारा आणि व्याज बघा.

ही समज घेऊन तुमचे आकडे मांडतो. गाडी आठ वर्षं वापरायची आणि पैशावर ७ टक्के व्याज, असं दोन्हीकडे सारखंच धरलं आहे.

बाईक आधी. तुमची बाईक आज घ्यायची तर ऑन-रोड साधारण एक लाख धरू, आठ वर्षांनी २५,००० ला जाईल. घसारा वर्षाला ९,३७५. सरासरी अडकलेला पैसा, म्हणजे सुरुवातीच्या आणि शेवटच्या किमतीची सरासरी, ६२,५००, त्याचं व्याज ४,३७५. विमा आठ वर्षांची सरासरी काढून २,५००. तीन सर्व्हिसिंग, टायर, चेनसेट, ब्रेक शू, केबल, बॅटरी हे सगळं वर्षाला विभागून ७,०००. हेल्मेट, रेनकोट आणि थंडीचे हातमोजे यांचे १,५०० मी मुद्दाम धरतो. डिसेंबरात सकाळी सातच्या शिफ्टला गोदावरीच्या पुलावरून बाईक काढणाऱ्याला हातमोजे हा खर्च का आहे ते सांगावं लागत नाही. पेट्रोल १८,९००. एकूण ४३,६५०. महिन्याला ३,६४० च्या आसपास, किलोमीटरला ४ रुपये ८५ पैसे.

कार. साडेसात लाखांची गाडी आठ वर्षांनी २ लाख ३० हजारांना गेली तर घसारा वर्षाला ६५,०००. सरासरी अडकलेला पैसा ४ लाख ९० हजार, व्याज ३४,३००. विमा सरासरी १४,०००. सर्व्हिसिंग, चार टायर, बॅटरी, ब्रेक पॅड, एसीचं काम मिळून १७,०००. गाडी धुणाऱ्याला महिन्याला ५०० प्रमाणे ६,०००. पेट्रोल ६३,०००. एकूण १,९९,३००. महिन्याला १६,६००, किलोमीटरला २२ रुपयांच्या थोडं वर.

म्हणजे फरक महिन्याला ३,६७५ नाही, जवळजवळ १३,००० आहे. साडेतीन पट! आणि कारच्या १,९९,३०० पैकी १,१९,३०० हा, गाडी धुणाऱ्याचे पैसे धरून, निव्वळ उभा खर्च आहे. दिवसाला ३२७ रुपये, गाडी जागची हलली नाही तरी.

हे आकडे तुमच्या बाबतीत कुठे बदलतील तेही सांगायला हवं, कारण मी धरलेलं सगळंच तुम्हाला लागू होईल असं नाही.

सगळ्यात मोठा फरक गाडी किती वर्षं ठेवता याने पडतो. आठऐवजी चार वर्षांत बदलायची सवय असेल तर घसारा पार वर जातो, कारण उतार पहिल्या तीन-चार वर्षांतच जास्त असतो. बारा वर्षं ठेवलीत तर तो बराच खाली येतो, दुरुस्ती थोडी वाढते. आमच्या कारखान्यात एक फिटर आहेत, त्यांनी सतरा वर्षं एकच बाईक वापरली आणि पंधरा वर्षं झाल्यावर रजिस्ट्रेशनचं नूतनीकरणही करून घेतलं. त्यांचा किलोमीटरचा खर्च मला माझ्या कुठल्याच वहीत गाठता आला नाही.

दुसरं, वापर. कार घेतल्यावर ती फक्त सातपूरला जाणार नाही. वणीला जाल, शिर्डीला जाल, मुलीला घेऊन गंगापूर धरणाकडे जाल. वर्षाला आणखी ४,००० किलोमीटर झाले तर उभा खर्च १३,००० किलोमीटरवर वाटला जातो आणि किलोमीटरचा दर २२ वरून १८ च्या आसपास येतो. पण एकूण बिल त्याने कमी होत नाही, वाढतंच. दर कमी झाला म्हणून स्वस्त पडलं असं समजणं ही कारखान्यातलीही जुनी चूक आहे.

तिसरं, किंमत. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल कार आणि ३५० सीसीपर्यंतच्या बाईक यांच्यावरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्याआधीचं कोटेशन हाताशी असेल तर ते बाजूला ठेवा. याचा दुसरा परिणाम जुन्या गाड्यांवर होतो. नवी स्वस्त झाली की जुनीचा भावही उतरायला हवा. जुनी गाडी विकणारा अजून आधीच्या नव्या किमतीवरून भाव सांगत असेल, तर आजच्या ऑन-रोड किमतीचा कागद त्याच्यासमोर ठेवा.

विम्याबद्दल थोडं, कारण पहिल्या वर्षीचा आकडा बघून लोक दचकतात. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. जून २०२२ ला लागू झालेल्या दरांत १००० ते १५०० सीसीच्या कारला तीन वर्षांचे १०,६४० आणि ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीला पाच वर्षांचे ३,८५१ होते, वर जीएसटी. म्हणून पहिला हप्ता मोठा दिसतो. तो दरवर्षीचा समजू नका. पुढे क्लेम केला नाही तर नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याच्या हप्त्यातली सूट, २० टक्क्यांपासून वाढत ५० टक्क्यांपर्यंत जातो. बंपरला ओरखडा आला म्हणून दोन हजारांचा क्लेम करण्याआधी बोनस किती जाईल ते विचारा. माझ्या वहीत असे दोन क्लेम आहेत जे मी करायला नको होते.

आता खरा मुद्दा. तुमचा प्रश्न तुम्ही 'कार की बाईक' असा विचारलात, पण नाशिकमध्ये कार घेणारा माणूस बाईक सहसा विकत नाही. ती राहतेच. दूध आणायला, भाजीला, मुलीला शाळेच्या रिक्षापर्यंत सोडायला. म्हणजे तुमच्यासमोर दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ते एकत्र मिसळले आहेत. पहिला: घराला कार हवी का? दुसरा: कार दारात असेल तर कामावर कशाने जायचं?

दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. कार एकदा घेतली की तिचा उभा खर्च दोन्हीकडे सारखाच होणार, मग फक्त धावता खर्च बघायचा. कारचा धावता खर्च पेट्रोल आणि देखभाल मिळून किलोमीटरला ८ रुपये ९० पैसे, बाईकचा २ रुपये ९० पैसे. फरक सहा रुपये, ३० किलोमीटरला रोजचे १८०. कार असूनही बाईकवर गेलात तर वर्षाला ५४,००० वाचतात. त्यातून बाईक ठेवण्याचा उभा खर्च, हेल्मेट-रेनकोट धरून, १७,७५० वजा केला तरी ३६,००० हाती राहतात. आणि पावसाचे ६० दिवस कार नेली तर वर्षाला १०,८०० जास्त जातील. मी स्वतः अनेक वर्षं हेच करतो. जूनच्या मध्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत सकाळी आभाळ बघतो. भरून आलं असेल तर कार, नाहीतर बाईक. हे १०,८०० मला कधीच जड वाटले नाहीत.

कार न्यायचीच असेल तर एकट्याने नेऊ नका. जेलरोड, उपनगर, गांधीनगर या पट्ट्यातून सातपूर-अंबडला जाणारी शेकडो माणसं आहेत. कारचा रोजचा धावता खर्च २६७ रुपये. तीन जण वाटून घेतलेत तर प्रत्येकी ८९, म्हणजे बाईकइतकंच. चार जण असाल तर बाईकहूनही कमी. आमच्या कारखान्यात चार जणांचा असा गट आठ वर्षं टिकला, कारण त्यांनी सुरुवातीलाच तीन गोष्टी ठरवल्या होत्या: पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं नाही, आळीपाळीने प्रत्येकाने आपली गाडी काढायची, आणि पैशाचा हिशेब महिन्याच्या एक तारखेला. आळीपाळीने गाडी काढणं सगळ्यात चांगलं, कारण मग पैसे हातातून हातात जातच नाहीत. खाजगी गाडीने भाडं घेऊन माणसं नेणं कायद्यात बसत नाही आणि खाजगी विम्यातही नाही. अपघात झाल्यावर भाड्याचा मुद्दा निघाला तर क्लेम अडतो. तेव्हा मित्रांनी मिळून पेट्रोल टाकणं आणि सीटमागे भाडं घेणं यातली रेघ ओलांडू नका.

वेळेबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, पण तुमच्या रस्त्यावर तो मोठा खर्च आहे. दत्त मंदिर सिग्नल, उपनगर, द्वारका, मुंबई नाका, मायको सर्कल, एबीबी सर्कल. संध्याकाळी सहाच्या सुमाराला द्वारकेला कार अडकली की अडकली. बाईक कडेकडेने पुढे सरकते. माझ्या अनुभवाने या पट्ट्यात एका वेळेचा फरक पंधरा मिनिटांचा पडतो, दोन्ही वेळचा अर्धा तास, वर्षाला १५० तास. याला रुपयांत मी धरत नाही, कारण तो अर्धा तास वाचला म्हणून पगार वाढत नाही. पण चार वर्षांची मुलगी घरी वाट बघत असेल तर तो अर्धा तास कशात धरायचा ते तुम्हीच ठरवा. सिंहस्थाच्या तयारीची रस्त्यांची कामं जिथे निघतील तिथे हा फरक आणखी वाढेल.

आता जी गोष्ट आकड्यांत बसत नाही ती. बाईक स्वस्त आहे, पण सुरक्षित नाही, आणि हे बाजूला ठेवून केलेला कुठलाही हिशेब अर्धवट आहे. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. मी स्वतः २०१६ च्या जुलैमध्ये, सकाळच्या पहिल्या शिफ्टला जाताना, ओल्या मातीवरून घसरलो. वेग तीसच्या आत असेल. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं, पण खांद्याजवळचं कॉलरबोन मोडलं. सहा आठवडे घरी होतो. दवाखान्याचं बिल मेडिक्लेममध्ये बसलं, पण हक्काची रजा संपून सतरा दिवस बिनपगारी गेले. त्या सहा आठवड्यांत बायकोने नोकरी, मुलं आणि मी असं सगळं कसं सांभाळलं ते वहीत कुठेच लिहिलेलं नाही.

म्हणून बाईकवर राहायचं ठरवलंत तर काही खर्च काटकसरीतून वगळा. हेल्मेट आयएसआय शिक्क्याचं, आणि पट्टा लावलेला. १५ ऑगस्ट २०२१ पासून नाशिकमध्ये हेल्मेट नसेल तर पेट्रोल नाही अशी मोहीम झाली होती. तेव्हा पंपापुरतं हेल्मेट डोक्यावर ठेवून पुढच्या वळणावर ते आरशाला अडकवणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि प्रत्येक वेळी मला माझा खांदा आठवतो. टायर गुळगुळीत होईपर्यंत वापरू नका, पावसाळ्याच्या तोंडावर बदला. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा पॉलिसीत आहे का ते उघडून बघा. त्याची किंमत फार नसते. आणि घर तुमच्या पगारावर चालत असेल तर टर्म इन्शुरन्स कार घेण्याच्या आधी घ्या. महिन्याला जे १३,००० तुम्ही कारवर घालणार होतात, त्यातला छोटासा हिस्सा त्याला पुरतो. खूप पाऊस असेल त्या दिवशी सिटीलिंकच्या बसची वेळ तुमच्या शिफ्टशी जुळते का तेही एकदा बघून ठेवा. वर्षातले असे वीस-पंचवीस दिवस बसने गेलात तरी धोक्याचे बरेचसे दिवस टळतात.

दोन पर्याय राहिले, ते पटकन सांगतो. इलेक्ट्रिक स्कूटरला ३० किलोमीटरसाठी दिवसाला एक-सव्वा युनिट वीज लागते, म्हणजे दहा-पंधरा रुपये. धावता खर्च जवळजवळ नाहीच, पण बॅटरी बदलायची वेळ आली की एकदम मोठी रक्कम लागते आणि जुन्या स्कूटरला भाव किती येईल याचा भरवसा कमी. म्हणून घसारा जरा जास्त धरून हिशेब करा, आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये तुमच्या मीटरवरून चार्जिंगचा पॉइंट मिळतो का ते आधी विचारा. सायकलचं म्हणाल तर ३० किलोमीटर आणि त्यात आठ-नऊ तासांची ड्युटी, हे रोज जमेल असं मी सांगणार नाही. पण सिडकोतून अंबडला किंवा अशोकनगरमधून सातपूरला जाणाऱ्यांनी तिचा विचार जरूर करावा. आपल्याच शहरातल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये रेस ॲक्रॉस अमेरिका ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत पूर्ण केली. तेव्हापासून नाशिकमध्ये सायकलवरून कामावर जाणाऱ्याकडे लोक वेगळ्या नजरेने बघतात.

आता पहिल्या, अवघड प्रश्नाकडे: घराला कार हवी का? याचं उत्तर सातपूरच्या रस्त्यावर मिळणार नाही. तुम्ही लिहिलंत की आईंना गुडघ्यांमुळे रिक्षात चढता-उतरता त्रास होतो आणि त्यांना दवाखान्यात न्यावं लागतं. कार घ्यायची तर ते खरं कारण आहे, कामावर जाणं नाही. मग हिशेब असा करा. कारचा उभा खर्च वर्षाला १,१९,३००. ड्रायव्हरसह गाडी दिवसाला ३,००० रुपयांना मिळते असं धरलं तर तेवढ्यात वर्षाला ३९ दिवस गाडी दारात बोलावता येते, आणि या हिशेबात कारचं स्वतःचं पेट्रोल अजून धरलेलंच नाही. तुमचे दवाखान्याचे, लग्नाकार्याचे, वणी-त्र्यंबकचे दिवस मिळून ३९ च्या बरेच खाली असतील तर भाड्याची गाडी स्वस्त पडते. वर गेले, किंवा रात्री-अपरात्री निघावं लागेल अशी तब्येत असेल, तर कार घ्या. तिथे मी पैशाचा विचार दुय्यम मानतो.

घ्यायची ठरली तर नव्याऐवजी पाच वर्षांची जुनी बघा. साडेतीन लाखांना घेतली, पाच वर्षांनी पावणेदोन लाखांना विकली, तर घसारा वर्षाला ३५,००० वर येतो. व्याज १८,३७५, विमा ९,०००, धुण्याचे ६,०००. उभा खर्च ६८,३७५, नव्याच्या जेमतेम ५७ टक्के. दुरुस्तीला वर्षाला दहा हजार जास्त धरा, तरी परवडते. फक्त घेण्याआधी तुमच्या ओळखीच्या मेकॅनिकला सोबत न्या, सर्व्हिसची नोंद मागा, आणि आरसीवर बँकेचा बोजा उतरला आहे का ते बघा.

तुमच्या जागी मी असतो तर आज बुकिंगचे पैसे भरले नसते. तीन महिने एक वही केली असती. ज्या ज्या दिवशी 'आज कार हवी होती' असं वाटलं त्या दिवसाची तारीख, कुठे जायचं होतं, कोणासाठी, आणि त्या दिवशी रिक्षा किंवा गाडीला किती लागले. त्याच तीन महिन्यांत दर महिन्याला १३,००० वेगळ्या खात्यात टाकून बघितले असते. ते टाकताना घर ओढगस्तीला आलं, तर कारनेही ते येणार होतं, हे हप्ता सुरू होण्याआधीच कळतं. सहज टाकता आले, तर ३९,००० डाउन पेमेंटला जमा झालेले असतील.

एक गोष्ट तुमच्या प्रश्नात नाही, ती कळवा: आईंना महिन्यातून किती वेळा न्यावं लागतं, आणि दवाखाना नाशिकरोडलाच आहे की शहरात? हे दोन आकडे मिळाले की तुमच्या घरापुरता हिशेब मी नव्याने मांडून देतो.